यंत्राची खतावणी

मराठी मुलखात हिशेब लिहिण्याची विद्या जुनी आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रोजकीर्दीचे रुमालच्या रुमाल आजही जपून ठेवलेले आहेत, आणि कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे शब्द पेढीवरून घरोघरी येऊन आपल्या बोलण्यात मिसळून गेले आहेत. ह्यांपैकी पहिल्या दोन शब्दांतील भेद नीट ध्यानात घेतला, तर आजच्या व्याख्यानाचा विषय अर्धाअधिक उलगडल्यासारखा होईल. दिवसभरात जे आले व जे गेले, ते ज्या क्रमाने घडले त्याच क्रमाने उतरून काढावयाचे, ती कीर्द. त्याच रकमा पुन्हा उचलून धान्याच्या धान्याखाली, मजुरीच्या मजुरीखाली, अशा ज्याच्या त्याच्या खात्यावर नेऊन मांडावयाच्या, ती खतावणी. कीर्द पाहून पैसा केव्हा गेला ते कळते. तो कशासाठी गेला ते खतावणीवाचून कळत नाही. पनवेल बंदरातून भात व तांदूळ मुंबईकडे जात असे, त्या काळी तेथील व्यापाऱ्याच्या बैठकीत ह्या दोन वह्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असत, आणि ज्याची खतावणी मागे पडली त्याचा व्यापारही मागे पडला असे समजत.

आज सामान्य गृहस्थाची कीर्द त्याने न सांगता बँक लिहून ठेवते. २०१६ च्या एप्रिल महिन्यात नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनची यूपीआय ही पद्धती सुरू झाली, तेव्हापासून तर भाजीच्या जुडीपासून डॉक्टरांच्या फीपर्यंत प्रत्येक देणे खात्याच्या उताऱ्यावर छापले जाऊ लागले. पूर्वी पासबुकाच्या एका पानावर कुटुंबाचे तीन महिने मावत असत. आता एका महिन्याच्या उताऱ्यास चार-पाच पाने लागतात. कीर्द अशी फुगली आणि खतावणी मात्र कोणीच करीत नाही. परिणाम असा झाला आहे की ज्या पिढीजवळ आपल्या खर्चाची सर्वांत सविस्तर नोंद आहे, तीच पिढी ती नोंद सर्वांत कमी वाचते. अखेरची शिल्लक पाहावयाची आणि कागद बाजूस सारावयाचा, अशी बहुतेक घरांची रीत झाली आहे.

ही खतावणी संगणकाकडून करवून घेता येते. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. एक्सेल किंवा लिबरऑफिस कॅल्क ह्यांसारखे कोष्टकाचे कोणतेही साधन पुरते. परंतु यंत्र हे काम कसे करते व कोठे चुकते हे ज्यास ठाऊक नाही, त्याने ते यंत्राच्या हाती न सोपवलेलेच बरे.

प्रथम उताऱ्याची एक ओळ कशी असते ते पाहू. तीत तारीख, तपशील, नावे, जमा व शिल्लक असे रकाने असतात. ह्यांपैकी तपशिलाचा रकाना हाच खतावणीचा आधार होय. मात्र त्यातील मजकूर माणसाने माणसासाठी लिहिलेला नसतो. रोमन लिपीतील संक्षेप, तिरक्या रेघा, बारा आकडी संदर्भ-क्रमांक, समोरच्याचे अर्धवट तुटलेले नाव, त्याच्या बँकेची खूण, असे त्याचे स्वरूप असते. यूपीआय, एनईएफटी, एसीएच हे आरंभीचे शब्द पैसा कोणत्या वाटेने गेला एवढेच सांगतात. तो कोणत्या कामी गेला हे पुढे दडलेल्या नावावरून ओळखावे लागते.

यंत्राकडून हे ओळखवून घेण्याची रीत अशी: उताऱ्याच्या कोष्टकात ‘सदर’ नावाचा एक रिकामा रकाना जोडावा. दुसऱ्या पानावर दोन रकान्यांची एक लहानशी यादी करावी. डावीकडे खूण, उजवीकडे सदर. वीज कंपनीच्या नावातील चार-पाच अक्षरे डावीकडे, ‘वीज’ हा शब्द उजवीकडे. औषधाच्या दुकानाचे नाव डावीकडे, ‘औषध’ उजवीकडे. मग यंत्र प्रत्येक ओळ घेते, तिच्या तपशिलात यादीतील एकेक खूण शोधीत जाते, आणि जी खूण प्रथम सापडेल तिच्यासमोरचे सदर त्या ओळीपुढे लिहिते. शंभर ओळींचे हे काम क्षणार्धात होते. यादी एकदा सिद्ध झाली की पुढील महिन्यास तीच उपयोगी पडते.

येथपर्यंत सर्व सोपे वाटते. अडचण उद्भवते ती अशी की यंत्रास अक्षरे दिसतात, शब्द दिसत नाहीत. अर्थ तर मुळीच दिसत नाही. एटीएममधून काढलेली रोकड ओळखण्यासाठी ‘ए-टी-एम’ ही तीन रोमन अक्षरे खूण म्हणून दिली, तर आत्माराम नावाच्या गृहस्थास दिलेले पैसेही यंत्र रोकडीतच घालते, कारण आत्माराम हे नाव रोमन लिपीत ह्याच तीन अक्षरांनी सुरू होते. कर्जाच्या हप्त्यासाठी ‘ई-एम-आय’ ही खूण ठेवली, तर प्रत्येक केमिस्टाचे बिल कर्जात जाऊन बसते. केमिस्ट ह्या शब्दाच्या पोटात तीच अक्षरे लागोपाठ आहेत. पगारासाठी ‘एस-ए-एल’ लिहिले की साळवी व साळुंखे ह्यांनी परत केलेले उसने पैसे पगार ठरतात, आणि करासाठी ‘टी-ए-एक्स’ लिहिले की टॅक्सीचे भाडे सरकारी करात जमा होते. हे दोष यंत्राचे नव्हेत. त्यास जे सांगितले तेच त्याने इमानाने केले. सांगणाऱ्याने शब्द मनात धरला आणि यंत्रास अक्षरे दिली, एवढाच काय तो प्रकार.

ह्या अडचणीवरील उपाय गणितशास्त्रातून आला आहे. १९५१ साली स्टीफन क्लीनी ह्या अमेरिकन गणितज्ञाने, मज्जातंतूंच्या जाळ्याचे गणिती चित्र रेखाटीत असता, अक्षरांच्या क्रमांचे वर्णन करण्याची एक सांकेतिक भाषा मांडली. तिला पुढे ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ असे नाव रूढ झाले. १९६८ साली केन थॉम्प्सन ह्याने त्या भाषेतील वर्णनाप्रमाणे मजकूर शोधण्याची कृती प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून ती संगणकाच्या नित्य वापरात आहे. २०१९ साली लिबरऑफिसच्या कोष्टकात तिच्यासाठी स्वतंत्र सूत्र आले. अलीकडे एक्सेलनेही तसे सूत्र दिले आहे. ह्या भाषेत टिंब म्हणजे कोणतेही एक अक्षर. चौकटी कंसात लिहिलेल्या अक्षरांपैकी कोणतेही एक चालते. आणि शब्दाची सीमा दाखविणारीही एक खूण आहे. ‘ए-टी-एम’ च्या दोन्ही बाजूंस ही सीमेची खूण घातली की यंत्र स्वतंत्र उभ्या असलेल्या त्या तीन अक्षरांसच मान्य करते आणि आत्मारामपंतांची रोकडीतून सुटका होते. एक सावधगिरी मात्र राखावी. तारकेचे चिन्ह सर्व साधनांत एकाच अर्थाचे नाही; कोष्टकाच्या साध्या शोधात तारका म्हणजे वाटेल तेवढा मजकूर, तर ह्या सांकेतिक भाषेत तिच्या मागील अक्षराची पुनरावृत्ती. तसेच एक्सेलमधील ‘सर्च’ हे सूत्र मोठ्या व लहान रोमन अक्षरांत भेद मानीत नाही, ‘फाइंड’ हे सूत्र तो मानते. एकच यादी दोन ठिकाणी निरनिराळे उत्तर देते त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

ह्या भाषेचा खरा लाभ असा की तिच्यात नाव न घेता घडण सांगता येते. बँकेच्या शाखेची आयएफएससी ही खूण अकरा चिन्हांची असते. आरंभी बँकेची चार अक्षरे, पाचव्या जागी शून्य, शेवटी शाखेची सहा चिन्हे. एवढे वर्णन दिले की देशातील कोणत्याही शाखेची खूण यंत्र ओळखते. शाखांची यादी द्यावी लागत नाही. पनवेलच्या परिवहन कार्यालयात नोंदलेल्या मोटारीचा क्रमांक एमएच ४६ असा सुरू होतो, पुढे एक-दोन अक्षरे व चार आकडे येतात. पथकराच्या उताऱ्यात अशी घडण आढळली की ती घरच्याच मुलखातील गाडी हे कळते. बालबोध शिकणाऱ्या मुलास आपण प्रत्येक शब्द पाठ करवीत नाही, काना-मात्रेची घडण शिकवितो. तद्वतच हे आहे.

यादीतील नियमांचा क्रम हाही महत्त्वाचा. जी खूण प्रथम जुळेल तीच यंत्र घेते. म्हणून विशेष नियम आधी व सामान्य नियम नंतर, असे मांडावे लागतात. एलआयसी म्हणजे विमा असा नियम केला, तर एलआयसी हाउसिंग फायनान्सच्या गृहकर्जाचा हप्ताही विम्यात जातो, कारण येथे ती तीन अक्षरे स्वतंत्र शब्द म्हणूनच उभी आहेत आणि सीमेच्या खुणेचा काही उपाय चालत नाही. गृहकर्जाचा नियम वर व विम्याचा खाली ठेवला म्हणजे दोन्ही आपापल्या जागी जातात. पनवेलकरांस ह्याचे घरचे उदाहरण आहे. तेथे १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका स्थापन झाली. आणि स्वयंपाकघरात नळाने येणारा वायू महानगर गॅस ह्या कंपनीचा. ‘महानगर’ एवढीच खूण ठेवणाऱ्याचा मालमत्ता कर चुलीत गेलाच म्हणून समजावे.

मराठी नावे रोमन लिपीत उतरताना त्यांची जी ओढाताण होते, तिचाही विचार करावयास पाहिजे. पनवेल हे नाव कोणी ‘व्ही’ घालून लिहितो, कोणी ‘डब्ल्यू’ घालून. चौकटी कंसात दोन्ही अक्षरे देऊन हा भेद मिटविता येतो. परंतु काही भेद कोणत्याच सांकेतिक भाषेने मिटत नाहीत. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानावरील पाटी एका नावाची, आणि दुकानातील यूपीआयच्या चौकोनावर खाते त्याच्या मुलाचे किंवा सुनेचे. उताऱ्यावर नाव उमटते ते त्या खातेदाराचे. त्यात किराणा हा शब्द नाही, साखर नाही, तांदूळ नाही. ही ओळ कशाची हे फक्त त्या घरातील माणूसच सांगू शकतो. म्हणून पैसे देतानाच शेरा लिहिण्याच्या जागी ‘किराणा’, ‘भाडे’, ‘औषध’ असा ठराविक शब्द रोमन अक्षरांत लिहिण्याची सवय घरातील सर्वांनी लावून घ्यावी. पुष्कळ बँकांच्या उताऱ्यात तो शेरा छापून येतो, आणि महिनाअखेरची निम्मी शोधाशोध वाचते.

आता हिशेबाच्या दोन जुन्या नियमांकडे वळू. ते यंत्राच्या काळातही बदललेले नाहीत. पहिला असा की एका कणगीतले भात दुसरीत ओतले म्हणून घरातील भात वाढत नाही. स्वतःच्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नेलेली रक्कम खर्चही नव्हे व उत्पन्नही नव्हे. तिच्यासाठी ‘बदली’ असे वेगळे सदर ठेवावे, नाहीतर तीच रक्कम एकदा खर्चात व एकदा उत्पन्नात दिसून सारा हिशेब फुगतो. त्याचप्रमाणे नावे व जमा ह्यांसाठी नियमही निरनिराळे असावेत. दुकानाने परत केलेली रक्कम दुकानाच्याच नावाने येते, पण ती खर्च नव्हे.

दुसरा नियम ताळ्याचा. समजा, पनवेलच्या जुन्या वस्तीतील एका कुटुंबाच्या खात्यावर मे महिन्याच्या आरंभी ४२,३१० रुपये होते. महिन्यात ५८,५०० जमा झाले, ५१,२४६ गेले आणि अखेर ४९,५६४ उरले. यंत्राने नावे पडलेल्या रकमांची खतावणी केली ती अशी: सोसायटीची वर्गणी ४,५००; वीज व गॅस २,८९०; किराणा व भाजी १४,३६०; औषधपाणी ६,१२०; प्रवास ३,४५०; कर्जाचा हप्ता १२,०००; काढलेली रोकड ६,०००. ह्यांची बेरीज ४९,३२० होते. गेले ५१,२४६. राहिले १,९२६. एकही खूण ज्यांस जुळली नाही अशा ओळींची ही रक्कम होय.

बहुतेक लोक येथे थांबतात. १,९२६ रुपयांपुढे ‘किरकोळ’ असे लिहितात व समाधान मानतात. वस्तुतः सगळ्या खतावणीचे सार ह्या उरलेल्या रकमेतच असते. जे ओळखीचे होते ते यंत्राने ओळखले. जे उरले ते घराच्या ओळखीचे नाही, म्हणूनच ते माणसाने पाहिले पाहिजे. शंभर ओळी वाचण्याचा कंटाळा येतो. चार ओळी वाचण्याचा येऊ नये. ह्या कुटुंबाच्या उरलेल्या ओळी चारच आहेत: ४८०, ४३६, २० आणि ९९०.

४८० रुपयांची ओळ वाण्याच्या मुलाच्या नावाची निघाली. ती यादीत घातली की पुढच्या महिन्यापासून आपोआप किराण्यात जाईल.

४३६ व २० ह्या रकमा पाहून मात्र घरात एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले जाते. ४३६ रुपये हा प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा व २० रुपये हा प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचा वार्षिक हप्ता होय. ह्या दोन्ही योजना २०१५ साली सुरू झाल्या. हप्ते आरंभी ३३० व १२ होते, ते १ जून २०२२ पासून ४३६ व २० झाले. विम्याचे वर्ष १ जूनला सुरू होत असल्याने मेअखेरीस बँक हा हप्ता खात्यातून आपोआप वळता करते. पहिल्या योजनेत कोणत्याही कारणाने मृत्यू आल्यास, व दुसरीत अपघाताने मृत्यू आल्यास, वारसास दोन लाख रुपये मिळावयाचे असतात. खाते उघडताना पुढे आलेल्या कागदांपैकी एकावर सही होते, वर्षातून एक ओळ उमटते आणि ती शंभर ओळींत बुडून जाते. विमा उतरविणारा स्वतःच ते विसरतो. मग त्याच्या पश्चात पत्नीस कोठून कळावे? विम्याचे पत्र घरी जपलेले नसते, दलाल दारी येत नाही. सबब अशा घरी उताऱ्यावरील ही एक ओळ हाच काय तो उरलेला पुरावा. ज्या कुटुंबात कोणी नुकतेच निवर्तले असेल, त्याने मागील एक-दोन वर्षांच्या उताऱ्यांत मे व जून महिन्यांतील ह्या रकमा अवश्य शोधाव्यात आणि सापडल्यास बँकेत जाऊन वारसाच्या हक्काची चौकशी करावी. उलटपक्षी, ज्यास असा विमा नको असेल त्यासही तो चालू आहे हे ह्याच ओळीवरून कळते.

राहिली ९९० ची ओळ. ती कोणासच ओळखू आली नाही. मुलाने घेतलेली एखादी वार्षिक वर्गणी असेल, किंवा कोणी परस्पर काढलेले पैसेही असतील. येथे वेळेस मोल आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात असे ठरविले की, ग्राहकाची वा बँकेची चूक नसता त्रयस्थामुळे पैसे गेले असतील आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाने तक्रार केली, तर त्याच्यावर काहीच भार पडू नये. चार ते सात दिवसांत केल्यास मर्यादित भार पडावा. त्याहून उशीर झाल्यास बँकेच्या धोरणाप्रमाणे निर्णय व्हावा. ग्राहकाने आपला गुप्त आकडा स्वतःच दुसऱ्यास सांगितला असेल, तर तक्रार करीपर्यंतचे नुकसान त्याचे त्यानेच सोसावयाचे. ह्याचा अर्थ उघड आहे. महिनाअखेरीस केलेली खतावणी विम्याच्या ओळीस पुरेल, चोरीच्या ओळीस पुरणार नाही. यंत्राची यादी एकदा तयार असल्यावर आठवड्यातून दोनदा उतारा तपासणे हे पाच मिनिटांचे काम आहे, आणि ते तेवढ्याचसाठी करावयाचे. संशय दृढ झाल्यास बँकेस व १९३० ह्या सरकारी दूरध्वनी क्रमांकावर कळविण्यास विलंब लावू नये.

जमेच्या बाजूचीही अशीच उकल करावी. व्याजाच्या ओळी एका सदराखाली आल्या म्हणजे कोणत्या बँकेत किती ठेव गुंतली आहे ह्याचे चित्र एका दृष्टिक्षेपात दिसते. पनवेलमध्ये ह्याचे महत्त्व सांगावयास नको. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तेथील कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला. ठेवविम्याची मर्यादा २०२० च्या फेब्रुवारीत एक लाखावरून पाच लाख करण्यात आली होती. परंतु ती मर्यादा मुद्दल व व्याज मिळून, आणि एका बँकेच्या सर्व शाखांतील ठेवी एकत्र धरून मोजतात. आपली बेरीज ह्या मर्यादेच्या आत आहे की बाहेर, हे प्रसंग येण्यापूर्वी ठाऊक असणे निराळे आणि प्रसंगानंतर कळणे निराळे.

एक सूचना शेवटी केली पाहिजे. खतावणीच्या लोभाने आपला उतारा अनोळखी संकेतस्थळाच्या स्वाधीन करू नये. त्यात घरातील माणसांची नावे, दवाखाने, देणी-घेणी सर्व काही असते. पूर्वीचा व्यापारी आपली वही रस्त्यावर उघडून ठेवीत नसे. बँकेकडून उतारा कोष्टकाच्या रूपाने घ्यावा आणि घरच्याच संगणकावर काम करावे.

जुन्या पेढीवर कारकून खतावणी करी आणि मालक ती वाची. कारकुनाचे अक्षर कितीही सुरेख असले तरी मालकाने पान उलटून पाहिल्याखेरीज हिशेब पुरा झाला असे कोणी म्हणत नसे. आज कारकून बदलला आहे. तो न थकता शंभर ओळी लावून देतो आणि जे त्याला समजले नाही ते प्रामाणिकपणे रिकामे ठेवतो. त्या रिकाम्या जागा वाचण्याचे काम घरातील माणसाचे आहे. संध्याकाळी जेवणे आटोपल्यावर घरातील दोघांतिघांनी एकत्र बसून त्या चार ओळी पाहिल्या, कोणती कशाची हे एकमेकांस विचारले आणि यादीत एखादा नियम वाढविला, म्हणजे त्या आठवड्यापुरती खतावणी पुरी झाली.